शब्दचर्चा : भटके, फिरस्ते, स्थलांतरित – कोणता शब्द कुठे?

प्रश्न
लोकजीवनाच्या अभ्यासावरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. मुळात तीन वेगळ्या संज्ञा आहेत : कायम फिरतं जीवन, ऋतूनुसार गुरं-मेंढरं घेऊन जाणं-येणं, आणि कामासाठी गाव सोडणं. पहिल्या मसुद्यात तिन्हींसाठी कधी ‘भटकंती’, कधी ‘स्थलांतर’ पडलंय. शिवाय ‘भटके’ या शब्दात हिणवणं आहे, त्याऐवजी ‘फिरस्ते’ वापरा, अशीही सूचना आली आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर
‘भटके’ काढू नका, पण कुठे वापरता ते बघा. ‘भटकणे’ या क्रियापदात दिशा नसणं गृहीत आहे, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तिथेच घोटाळा होतो. फिरणाऱ्या समाजांची वाट ठरलेली असते. कोणत्या महिन्यात कोणत्या गावाच्या शिवारात उतरायचं, कोणत्या घरांशी पिढ्यान् पिढ्यांचं देणंघेणं, कोणत्या जत्रेला सगळ्यांनी जमायचं, हे सारं पक्कं असतं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या शिकारीवर जगणाऱ्या समाजांचा अभ्यास केला. त्यात फासेपारधी फासे लावून हरणं आणि पक्षी धरतात, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारतात, तर वैदूंचा भर मुंगुसासारख्या लहान प्राण्यांवर आणि गोड्या पाण्यातल्या मासे-खेकड्यांवर, अशी वाटणी दिसली. एकाच माळावर तिघे, पण एकमेकांच्या ताटात हात नाही. याला ‘भटकंती’ म्हटलं की ही सगळी व्यवस्था वाचकाच्या नजरेआड होते.

म्हणून नाम म्हणून ‘भटके’, ‘भटक्या जमाती’ ठेवा. तो समाजांनी स्वतः चळवळीत वापरलेला आणि कायद्यात रुजलेला शब्द आहे. क्रिया सांगताना मात्र ‘भटकतात’ लिहू नका. ‘फिरतात’, ‘वाटेला लागतात’, ‘मुक्काम हलवतात’ लिहा. ‘फिरस्ता’ हा एकटादुकटा प्रवासी माणूस. बायकापोरं, जनावरं, भांडीकुंडी घेऊन चालणाऱ्या समाजाला तो पुरत नाही.

याला जोडून
‘विमुक्त’ हा ‘भटक्या’चा समानार्थी शब्द म्हणून वापरण्याची चूक फार होते. काही समाजांची यादी करून त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजी राजवटीतला गुन्हेगार जमाती कायदा 1871 मध्ये आला, 1924 मध्ये नव्याने एकत्र केला गेला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. त्या यादीतून मुक्त झाले ते विमुक्त. म्हणजे हा शब्द कायद्याचा इतिहास सांगतो, राहणीमान नव्हे.

आजच्या आरक्षणाच्या यादीवरूनही राहणीमान ठरवू नये. महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) 3 टक्के, भटक्या जमाती (ब) 2.5, (क) 3.5 आणि (ड) 2 टक्के अशी विभागणी आहे. (क) मध्ये धनगर, (ड) मध्ये वंजारी. वंजारी समाज कित्येक पिढ्या शेती करून एका जागी आहे, तरी प्रवर्गाचं नाव ‘भटक्या’. उलट फासेपारधी अनुसूचित जमातींत मोडतात. कैकाडी तर विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त. लेखात ‘भटक्या जमातीचे कुटुंब’ असं आलं की प्रवर्ग अभिप्रेत आहे की जगणं, हे त्याच वाक्यात स्पष्ट करावं.

दुसरं उत्तर
ऋतूनुसार जाण्या-येण्यासाठी ‘ऋतुप्रवास’ हा शब्द सुचवेन, पण तो नुसता ठेवू नका, पहिल्यांदा येईल तिथे उलगडून सांगा. त्यासाठी हाताशी चांगलं उदाहरण आहे हटकर धनगरांचं. पावसाळा देशावरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, आणि पाऊस लागायच्या आत परत वर. कारण साधं आहे : तोवर कोकणातलं भात कापून झालेलं असतं, शिवारं मोकळी असतात, आणि दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस मानवत नाही, खुरं सडतात. शेतकरी रानात मेंढरं ‘बसवून’ घेतो. रात्रभराच्या लेंड्या-मुताचं खत मिळतं आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. हे ‘बसवणं’ नीट भाषांतरित झालं नाही तर वाचकाला वाटतं, धनगर दुसऱ्याच्या शेतात फुकट चारतोय. प्रत्यक्षात तो खत विकतोय.

मिळून चालणाऱ्या कुटुंबांच्या गटाला ‘वाडा’ म्हणतात. पुढे घोड्यांवर बिऱ्हाड लादून बाया जातात, मागून कळप येतो, मुक्कामी वाघर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण घालून, मेंढरं कोंडतात. पण सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांचा ‘धनगरवाडा’ ही कायमची वस्ती असते. लेखात नुसतं ‘वाडा’ आलं तर यातला कोणता, हे ठरवूनच पुढे जा. शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे तर तिसराच, चौकाचा वाडा उभा राहील.

प्रश्नकर्ता
‘तांडा’चंही असंच होईल का?

उत्तर
होय, आणि तिथे काळ पाहावाच लागतो. लमाण-बंजाऱ्यांचा तांडा म्हणजे मुळात धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचा चालता काफिला. या व्यापाराला ‘लदेणी’ म्हणत, तांड्याचा प्रमुख नाईक. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते झाले, मिठाच्या व्यापारावर सरकारी पकड बसली आणि लदेणी संपली. तांडे जिथे थांबले तिथे वस्त्या झाल्या, नाव मात्र तांडाच राहिलं. आज शासनाच्या ‘तांडा-वस्ती सुधार’ योजनेतला तांडा हा रस्ता, पाणी, दिवे मागणारा स्थिर पाडा आहे. अठराव्या शतकाबद्दल लिहिताना ‘तांड्यावर गेले’ आणि आजच्याबद्दल ‘तांडा निघाला’ असं लिहिलं की दोन्ही चुकतं.

‘बिऱ्हाड’ही तसंच सरकलं. विंचवाच्या पाठीवरचं ते शहरात येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलं. चालण्याचे शब्द राहण्याचे झाले, हा त्या समाजांच्या बदलाचा भाषेतला पुरावा आहे. तळटीप देऊन तो जपावा, असं मला मनापासून वाटतं.

एक शंका
मग ऊसतोड कामगार? दरवर्षी सहा महिने बाहेर, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहणं, बैलगाडी सोबत. त्यांना अर्धभटके का म्हणू नये?

उत्तर
कारण त्यांचं गाव, घर आणि बहुतेकांची थोडी कोरडवाहू जमीन मागे असते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला की परततात. हे हंगामी स्थलांतर. ते ठरतं मुकादमाकडून घेतलेल्या ‘उचली’ने. आगाऊ रक्कम तोडणीतून फिटेपर्यंत माणूस बांधलेला. इथे ‘कोयता’ हे हत्यार नाही, मोजमाप आहे : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. ‘वीस कोयत्यांची टोळी’चं भाषांतर वीस माणसं असं केलं तर आकडा निम्म्यावर येतो आणि बाईची मजुरी हिशेबातून गायब होते. ती मजुरी प्रत्यक्षातही बहुधा जोडीच्या नावाने पुरुषाच्या खात्यावर धरली जाते, म्हणून ही चूक साधी समजू नये.

याला जोडून
घिसाडी, वैदू, गाडी वडार, नंदीवाले यांच्यासाठी आणखी एक संज्ञा लागेल, कारण ते ना पशुपालक ना हंगामी मजूर. गावोगाव जाऊन कसब, वस्तू किंवा खेळ पुरवणारे हे लोक. ‘फिरते कारागीर’ आणि ‘फिरते कलावंत’ पुरेसं आहे, संस्कृत जोडशब्द घडवू नका.

त्यांच्या परंपरेबद्दल ‘लोप पावली’ हे सोयीचं वाक्यही टाळा. कशाने काय बदललं ते लिहा. दरवेशाचं अस्वल आणि गारुड्याचा साप 1972 च्या वन्यजीव कायद्याने हातून गेले. नंदी पाळीव असल्यामुळे राहिला. घरोघर मिक्सर आला तसं पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्याचं काम आटलं. धनगरांमध्ये लोकरीला भाव उरला नाही म्हणून दख्खनीऐवजी मटणाला चांगली माडग्याळ मेंढी वाढली, आणि घोंगडी मागे पडली. फिरणं मात्र चालूच आहे. ‘परंपरा संपली’ म्हटलं की हा फरक पुसला जातो.

प्रश्नकर्ता
खूप मदत झाली. शेवटचे दोन : मुलाखतीच्या प्रश्नावलीत ‘मूळ गाव’ हा रकाना आहे, तो चालेल का? आणि एका जागी राहू लागण्याला ‘स्थिरीकरण’ म्हणू?

उत्तर
‘मूळ गाव’ विचारलं की शाळेच्या दाखल्यावरचं, देवाचं किंवा मतदार यादीतलं, यांतलं कुठलंही गाव सांगितलं जाईल. रकाना फोडा : पावसाळा कुठे, दिवाळी कुठे, देवाला कुठे जाता, लग्नं कुठे जमतात, मेलेल्याला कुठे पुरता किंवा जाळता. ही उत्तरं नकाशावर जोडली की वाट दिसते. जनगणनेत स्थलांतर जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण यांवरून मोजतात. पालात, म्हणजे वाटेवरच्या तंबूत, जन्मलेल्याला दोन्ही प्रश्न अडचणीचे.

‘स्थिरीकरण’ नको, ते भावांचं आणि जमिनीचं होतं. आपणहून राहिले असतील तर ‘स्थायिक झाले’. सरकारने बसवलं असेल तर तसं कर्त्यासह लिहा. गुन्हेगार ठरवलेल्या समाजांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या जागेला सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. तो शब्द भाषांतर न करता तसाच ठेवा.