शोरूमचा ओपन डे आणि चॅरिटी राइड : तुमचे किस्से येऊ द्या

कडकभाकरी
काल सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलला थांबलो होतो. मागून तीस-चाळीस बुलेट धडधडत आल्या, पुढे फुगे बांधलेला टेम्पो, प्रत्येकाच्या पाठीवर शोरूमचा स्टिकर. २००९ची आमची राइड आठवली. सकाळी शोरूमवर चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला, फुकटात चेन टाइट, मग माणशी २०० भरून अक्कलकोट रोडच्या वृद्धाश्रमापर्यंत. पैशातनं चादरी वाटायच्या. एका आजींनी चादर घेतली, काठ बोटात चोळला, उलटी करून बघितली. "ही आपली नव्हं बाळा, पानिपतची हाय." तीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरलेले हात ते! सोलापुरात राहून सोलापूरकरांनाच पानिपतची चादर वाटायला निघालेले आम्ही शहाणे. कुणी घेतल्या होत्या, शेवटपर्यंत कबूल झालं नाही. आजी म्हणाल्या, "राहू दे, पायावर घ्यायला होईल."
तुमचंही लिहा.

टूस्ट्रोक_सोलापूर
😂 आमच्या मामांचं ऐका. सगळं आयुष्य हिरो होंडा सीडी १०० वर. ओपन डेला कुणाची तरी जुनी बुलेट चालवायला मिळाली. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, सीडीच्या बरोबर उलट. मामांनी ब्रेक समजून उजवा पाय दाबला, गाडीनं वरचा गिअर घेतला. थेट लस्सीच्या गाड्यात.

पूर्वभागवाली
अगं बाई, लागलं का ओ मामांना?

टूस्ट्रोक_सोलापूर
काय नाही. तिथंच दोन ग्लास लस्सी पिऊन आले.

गड्डा_फॅन
आमच्या शोरूमवाल्यांनी राइड ठेवली १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालून निघायचं म्हणून. १९३१ला त्याच तारखेला चौघांना फाशी झाली, कल्पना चांगलीच होती. पण ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत! पार्क चौकातच अडकलो. पोलीस म्हणाला, का बे, यात्रेत कुठं गाड्या घालालाव? हार घातला, भजी खाल्ली, घरी. रक्तदान मात्र शोरूममध्ये झालं, मी पण दिलं.

नान्नजची_सून
मी नवऱ्याच्या मागे बसून गेलेले, आमच्याच गावच्या शाळेत वह्या द्यायला. २० किमी पण ऊन असलं की हेल्मेटात डोकं शिजलं. शाळेच्या अलीकडे वनखात्याचे एक काका आडवे आले. माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य आहे, फटफट बंद करा. तिथून सगळे वाघ गाड्या ढकलत आले. पोरं टाळ्या वाजवत होती. माळढोक काही दिसला नाही. सासऱ्यांनी लहानपणी पुष्कळ बघितलेत म्हणे.
(कुकर झाला, नंतर येते)

एक्सएल
आमच्याकडे ५०० घेतले, पावती मागितली तर टी-शर्ट दिला. माझं वजन ५२. अजून फडकं म्हणून गाडी पुसतोय. पैसे कुठं गेले, देव जाणे.

पूर्वभागवाली
कडकभाकरी, चादरीची गोष्ट वाचून आईला फोन केला. ती पण कांड्या भरायची. म्हणाली, काठ कशाला, वासावरनं सांगते मी.

पुण्यात_अडकलेला
विषयांतर होतंय, पण रविवारी कुणी पुण्याला येतंय का? शेंगाचटणी अर्धा किलो. हडपसरला उतरून घेतो.

गड्डा_फॅन
येतोय की. बुलेटवरच. चटणी तिखट की मध्यम?

पुण्यात_अडकलेला
हे काय विचारणं झालं बे?