पोर्तुगीजकालीन चांदीचा रुपिया कसा ओळखावा?

प्रश्न
पणजोबांच्या पेटीत गोव्यात चालणारी तीन नाणी सापडली. पहिल्यावर राजाचा चेहरा, 'लुडोविकस' हे नाव आणि १८८१ हे साल आहे. दुसऱ्यावर १९५२ आहे. तिसरे लहान आणि वेडेवाकडे असून त्यावरील ढालीच्या दोन बाजूंना जी आणि ए ही रोमन अक्षरे आहेत. यांतील दुर्मीळ कोणते? चिंचेने घासून उजळले तर चालेल का?

प्रतिसाद १
घासू नका; काळपट थर गेला की नाण्याची निम्मी किंमत गेली असेच समजा. लुडोविकस म्हणजे राजा लुईस पहिला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर हे रुपिये गोव्यात नव्हे, तर इंग्रजांच्या टांकसाळीत पाडले गेले, म्हणूनच ते राणीछाप रुपयाच्या मापाचे, म्हणजे ११.६६ ग्रॅमचे आहेत. मात्र ते फारसे दुर्मीळ नाहीत. १९५२ चा रुपिया तांबे-निकेलचा असून, त्याच धर्तीच्या १९४७ च्या रुपियात निम्मी चांदी आहे. तेव्हा साल भिंगाने पुन्हा वाचावे.

प्रतिसाद २
चांदीची खात्री घरीच होते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा, नाणे दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवावे आणि कोरड्या वजनाला तेव्हा काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने भागावे. ९१.७ टक्के चांदीला उत्तर साधारण १०.३ येते, तांबे-निकेलला ८.९ च्या आसपास. जी आणि ए ही गोव्याच्या टांकसाळीची खूण, जशी डी आणि ओ ही दीवची. अशी हाताने ठोकलेली टांगा (पोर्तुगीज गोव्यातील जुने लहान नाणे) नाणीच खरी मोलाची असतात आणि नकलाही त्यांच्याच फार निघतात. त्याच्या कडेचे छायाचित्र टाकावे.

प्रश्नकर्ती
१८८१ चा रुपिया कोरडा ११.५८ ग्रॅम भरला, पाण्यात १.१२, म्हणजे १०.३४. दुसऱ्यावर १९५२ च आहे. लहान नाण्याच्या कडेचे छायाचित्र जोडले आहे.

प्रतिसाद २
रुपिया चांदीचाच आहे. साधारण ०.०८ ग्रॅम झिजला, ते वापरलेल्या नाण्याचे लक्षण. लहान नाण्याच्या कडेवर मात्र सगळीकडून फिरणारी बारीक रेघ दिसते, आणि ढालीच्या खळग्यांत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आहेत. ठोकलेल्या नाण्याला अशी सांधरेघ नसते. हे दोन अर्ध्या साच्यांत ओतलेले आहे, त्यामुळे मी तरी याला टांगा म्हणणार नाही.