सेकंड इयरला एसटीएस करावं का? (विषय : माठातलं इन्सुलिन)

गोदाकाठची

नमस्कार. मी सरकारी मेडिकल कॉलेजात सेकंड इयरला आहे, घर गंगाखेड तालुक्यात. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएसचा, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचा, फॉर्म भरावा का, हे ठरत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांनी आपल्याच कॉलेजातल्या गाइडच्या हाताखाली दोन महिने एक छोटा अभ्यास करायचा, रिपोर्ट पाठवायचा, तो मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि दोन महिन्यांचे मिळून ५०,००० रुपये. सक्ती नाही. लेक्चर, पोस्टिंग, परीक्षा सगळं सांभाळून करायचं. आमच्या बॅचला दीडशे जण आहोत, त्यातले चार-पाच भरतील.

माझ्या डोक्यात विषय कुठून आला ते सांगते. मागच्या महिन्यात मेडिसिनच्या पोस्टिंगला ओपीडीत एक मावशी आल्या. साखर तीनशेच्या वर. पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढली तर ती ओली, लेबल अर्धं निघालेलं. रेसिडेंट सरांनी विचारलं, फ्रिजमध्ये ठेवता का? मावशी म्हणाल्या, "फ्रिज कुठला बाबा, माठात सोडते." सरांनी डोस वाढवून दिला आणि पुढचा पेशंट घेतला. गर्दीच तेवढी होती, त्यांना नावं ठेवत नाही. पण मला तेव्हापासून एकच : साखर वाढली ती डोस कमी पडला म्हणून, की बाटलीतलं औषधच उन्हानं गेलं म्हणून? आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. बरं, माठ खरंच किती थंड असतो, हे तरी कुणी मोजलंय का?

तर मला ओपीडीतल्या शंभर-दीडशे इन्सुलिनवाल्या पेशंटांना विचारायचंय की बाटली कुठं ठेवता, आणि काहींच्या घरी जाऊन माठात थर्मामीटर टाकायचाय.

अडचणी : फार्मॅक (औषधशास्त्र), पॅथो, मायक्रो हे तिन्ही विषय डोक्यावर आहेत. रूममेट म्हणते, नीट पीजीला (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेला) याचा अर्धा मार्क मिळत नाही. एका सरांकडे गेले तर ते म्हणाले, तुझा विषय किचकट आहे, माझ्याकडं "मोबाइलचा वापर आणि झोप" तयार आहे, गूगल फॉर्म फिरव, पंधरा दिवसांत मोकळी. आणि पप्पा म्हणतात, डॉक्टर व्हायला गेलीस की माठ मोजायला?

करू का? केलं तर कुठला विषय करू?

---

वॉर्ड_सात

मेडिसिनचा ज्युनिअर रेसिडेंट, दुसरं वर्ष. तुझ्या त्या रेसिडेंटसारखाच एक. सत्तर पेशंटांची रांग असली की मीही डोसच वाढवतो, त्यामुळे पोस्ट वाचून जरा टोचलं.

रूममेट बरोबर बोलते. नीट पीजी म्हणजे २०० प्रश्न, बरोबरला ४, चुकला तर १ वजा. तिथे तुझं प्रमाणपत्र कोणी बघत नाही. हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. ती "मॅडम, मी संशोधन करत होते" म्हणून माफ होत नाही. आणि पीजीला आलीस की थेसिस सगळ्यांनाच करावा लागतो, आयसीएमआरच्याच एनआयई चेन्नई या संस्थेचा रिसर्चचा ऑनलाइन कोर्सही सक्तीचा आहे. म्हणजे हे शिक्षण चुकत नाही, पुढे ढकललं जातं एवढंच.

मी स्वतः एमबीबीएसला असताना एका सरांच्या "प्रोजेक्ट"वर होतो. प्रत्यक्षात काय केलं? त्यांच्या पीजीच्या थेसिसचे तीनशे प्रोफॉर्मा एक्सेलमध्ये भरले. पेपर आला तेव्हा माझं नाव आभारातही नव्हतं. म्हणून एकच सांगतो, कामाला हात लावायच्या आधी विचार की प्रश्न कुणाचा, डेटा कुणाचा आणि नाव कुणाचं. उत्तर गुळमुळीत आलं तर नमस्कार करून निघ.

मोबाइल आणि झोप करणार असशील तर नकोच करू. त्यापेक्षा झोप.

---

पीएसएम_मॅडम

वॉर्ड सात, शेवटची ओळ मान्य. बाकीचं सावकाश घेऊ या.

मी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवते. ही योजना १९७९ पासून आहे आणि मी स्वतः २०१३ च्या सुमारास केली, तेव्हा पैसे यापेक्षा बरेच कमी मिळायचे. माझा विषय होता गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्या. आमच्या ग्रामीण केंद्राच्या गावांत जायचं, "गोळ्या घेता का" विचारायचं, आणि मग घरात शिल्लक राहिलेल्या गोळ्या मोजायच्या. प्रपोजलमध्ये ऐटीत लिहिलं : २०० बायका. एथिक्स कमिटीची बैठक लांबली, मग पाऊस, मग सोयाबीनची काढणी. घरी कोणी भेटेना. शेवटी ६१. रिपोर्टमध्ये ६१ लिहिताना लाज वाटली होती. आज वाटत नाही, कारण त्या ६१ घरांत मी जे पाहिलं ते कुठल्याच लेक्चरला नव्हतं. जवळजवळ प्रत्येकीनं "घेते की" म्हणून सांगितलं, आणि गोळ्या निघाल्या देवामागच्या डब्यातून, पाकीटसुद्धा न फोडलेलं. एकीनं तर स्पष्ट सांगितलं, काळी शी होते, सासूला वाटतं रक्त चाललंय. तेव्हापासून मी पेशंटला "घेता का" असं विचारतच नाही. "किती उरल्यात, दाखवा" म्हणते.

आता तुझा विषय. चांगला आहे, पण आहे तसा पाठवलास तर पडेल.

पहिली गोष्ट, माठाचं तापमान मोजून तुला तापमान कळेल. इन्सुलिन खराब झालं की नाही ते कळणार नाही; त्याची ताकद तपासायला प्रयोगशाळा लागते, ती आपल्याकडे नाही. तेव्हा "साखर का वाढली" हा प्रश्न या दोन महिन्यांतून काढून टाक. जीव तुटेल, पण काढ. "बाटली कुठे ठेवतात आणि तिथे तापमान किती असतं" एवढाच ठेव. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी. वापरात असलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण २५-३० अंशांपर्यंत. तुझ्याकडच्या पत्र्याच्या घरात दुपारी तीनला काय असेल, तूच सांग.

दुसरी गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. एसटीएसचं काम सहसा पावसाळ्यावर येतं. माठ गार होतो तो पाणी झिरपून, वाळून. हवा कोरडी असली तरच. ऑगस्टच्या दमट हवेत तोच माठ तुला वेगळंच उत्तर देईल, आणि तू लिहून बसशील की माठाचा उपयोग नाही. तुझा प्रश्न मे महिन्याचा आहे. आत्ता कमिटीच्या परवानगीशिवाय पेशंटच्या घरात जाऊ नकोस, पण स्वतःच्या घरचा माठ मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो. खोलीचं आणि माठाचं, दोन्ही, एकाच वेळी. आठवडाभर. वही कर.

तिसरी, गुणाकार. "शंभर-दीडशे" कुठून आणलेस? तुझ्या युनिटची ओपीडी आठवड्यातून दोनदा असेल, दर वेळी इन्सुलिनवाले चार जण धड बोलतील, आठवडे आठ. झाले चौसष्ट. साठ लिही. घरी जायची घरं दहा. मी २०० लिहिलं होतं, तू लिहू नकोस.

चौथी, बाटली बघतेसच तर सिरिंजही बघ. सरकारी दवाखान्यातली बाटली बहुधा ४० युनिटची (एका मिलीत ४०) असते, तिला लाल टोपणाची सिरिंज. मेडिकलवाल्यानं नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० ची, दिली आणि माणसानं त्यावर २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात ८ युनिट. तुझ्या मावशीची साखर माठामुळे वाढली की टोपणामुळे, देव जाणे. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात.

पाचवी, आणि कमिटी हेच विचारेल : एखाद्याकडे गढूळ झालेली, गुठळ्या धरलेली बाटली सापडली, किंवा चुकीची सिरिंज सापडली, तर तू काय करणार? "नोंद करणार" हे उत्तर चालत नाही. त्याच दिवशी पेशंटला सांगायचं, युनिटला कळवायचं. प्रपोजलमध्येच लिहून टाक. संमतीपत्र मराठीत कर, आणि तुझ्या मावशीला समजेल अशा मराठीत. सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार.

बाकी किरकोळ : प्रपोजलमध्ये कॉलेजचं, गाइडचं, स्वतःचं नाव कुठेही येऊ देऊ नकोस, त्यावरून बाद होतात. एका गाइडला एकच विद्यार्थी, त्यामुळे आधी जाऊन बस. मेडिसिनचे सर गर्दीत असतील तर फार्मॅककडे जा, औषध साठवणं हा त्यांचाही विषय आहे. आणि इंटर्नशिपला हे भरता येत नाही, म्हणजे "नंतर करीन" ला मर्यादा आहे.

विंचवावर काम केलेल्या महाडच्या डॉ. बावस्करांचं उदाहरण तुला कुणीतरी देईलच : बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र, १९८२ ला लॅन्सेट या जर्नलमध्ये पेपर वगैरे. खरं आहे, पण ते बघून घाबरू नकोस. त्यांच्यासमोर रोज विंचवाचे पेशंट होते, तुझ्यासमोर ही ओली बाटली आली, एवढंच साम्य पुरे.

पप्पांना माझ्याकडून सांग, माठ मोजणं डॉक्टरकीतच येतं.

---

लेस्टरचा_कोल्हापुरी

इकडे ब्रिटनमध्ये बरीच मुलं मधेच एक अख्खं वर्ष काढून संशोधनाची जादा पदवी घेतात, इंटरकॅलेटेड म्हणतात. पूर्वी पहिल्या नोकरीच्या अर्जात तिचे जादा गुण मिळायचे, ते आता बंद झाले. अमेरिकेत उलटं : २०२२ च्या जानेवारीपासून स्टेप वनचे (तिथल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे) मार्क जाऊन नुसतं पास-नापास आलं, तेव्हापासून मुलं पेपरांची संख्या वाढवत सुटलीत. माझा भाचा तिथल्या तयारीत आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, चौदा झाले." विचारलं, कशावर? त्याला चार आठवले.

मार्क असले काय, नसले काय, पोरं पळायची थांबत नाहीत. तुझ्याकडे निदान प्रश्न तरी आहे. कर. मात्र पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, असे ईमेल येतील. एकालाही उत्तर देऊ नकोस.

---

मोहोळची_सूनबाई

मी डॉक्टर नाही, सासूबाईंना नऊ वर्षं इन्सुलिन देते म्हणून लिहिते.

आमच्याकडे फ्रिज आहे. तरी घोटाळे होतातच. लाइट गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट, आणि उन्हाळ्यात लाइट जाते कधी आणि येते कधी. एकदा धाकटीनं बाटली उचलून वर कुल्फीच्या कप्प्यात ठेवली, पार गोठली. मी वितळवून दिली असती, पण मेडिकलवाले दादा ओरडले, गोठलेली फेकायची असते. तेव्हा फ्रिजवाल्यांनाही विचारा ताई, फ्रिजमध्ये नेमकी कुठं ठेवता. सगळे "फ्रिजमध्ये" म्हणतील आणि तुम्ही बरोबरची खूण करून मोकळ्या व्हाल.

जाऊबाईंकडे गावाला माठच आहे. बाटली स्टीलच्या कडीच्या डब्यात, डबा माठाच्या पाण्यात. लेबल भिजत नाही. शेजारच्या ओळखीच्या घरी फ्रिज असतो तिथंही ठेवतात बायका, पण सकाळी सहाला दुसऱ्याचं दार वाजवायला नको वाटतं, मग इंजेक्शन आठला होतं. हे पण लिहून घ्या.

---

पीएसएम_मॅडम

सूनबाई, फ्रिजचा कप्पा आणि शेजारचं दार हे दोन्ही प्रश्न मला सुचले नव्हते. गोदाकाठची, प्रश्नावलीत घाल.

---

गोदाकाठची

सगळ्यांना थँक्यू. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण इंटर्नल होती. मायक्रो बरा गेला, फार्मॅक विचारू नका.

फार्मॅकच्या मॅडमकडे गेले होते. आधी नको म्हणाल्या. मग मी ८ युनिटचा हिशेब कागदावर करून दाखवला, तेव्हा म्हणाल्या, बस. गाइड व्हायला तयार आहेत. डेटा माझा, नाव माझं, हेही विचारलं (वॉर्ड सात दादा, विचारताना पाय लटपटत होते). मोबाइलवाल्या सरांना अजून नाही म्हणायचंय, ते उद्या.

"साखर का वाढली" काढून टाकलं, मॅडम. खरंच जीव तुटला. मला उत्तर त्याचंच पाहिजे होतं. साठ पेशंट, दहा घरं, सिरिंजचं टोपण, फ्रिजचा कप्पा, कडीचा डबा, शेजारचं दार.

ती मावशी पुन्हा ओपीडीत येईल का, बघतेय. नाव माहीत नाही, फक्त पिशवी आठवते.

थर्मामीटर घरी पाठवला. पप्पांनी काल एकदाच मोजलं. दुपारी तीनला खोलीत ३९, माठात २८. पहाटे मोजायला सांगितलं होतं तर म्हणाले, पहाटे माणसं झोपतात.

---

पीएसएम_मॅडम

माठ कुठे ठेवलाय? कोपऱ्यात की वाऱ्याला?

---

गोदाकाठची

खिडकीत. ओलं फडकं गुंडाळून. आईनं.

---

पीएसएम_मॅडम

मग तो फडक्याचा माठ झाला. उद्यापासून दोन माठ मोजायला सांग, एक फडक्याचा, एक बिनफडक्याचा. पहाटेचं काम आईकडे दे.