लॅबमध्ये हात लावायलाच मिळत नाही, सुट्टीत कोल्हापुरात काय करता येईल?

टीवाय_मेक:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल थर्ड इयरला आहे, कॉलेजचं नाव घेत नाही, इथं सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्याकडं प्रॅक्टिकल म्हणजे एका लेथभोवती अख्खी बॅच, पुढचे दोघं-तिघं बघणार, मागचे रील बघणार आणि शेवटी सगळ्यांच्या जर्नलात एकच रीडिंग. मटेरियल टेस्टिंगचं मशीन तर बंदच असतंय. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे आणि मला मायक्रोमीटर पण धड धरता येत नाही. व्हर्च्युअल लॅब, एनपीटेल वगैरेचा खरंच उपयोग होतो का नुसता सर्टिफिकेटचा खेळ आहे? लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. क्लास सुचवू नका, फी भरूनच घरचे दमलेत.

राजारामपुरी_लिनक्स:
रॅमवाचून काही अडत नाही. व्हर्च्युअल लॅब ब्राउझरमध्येच चालते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा प्रकल्प आहे, फुकट. प्रत्येक प्रयोगाला थिअरी, छोटी टेस्ट, मग सिम्युलेशन आणि परत टेस्ट. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तेवढं उरकलंस तर घोळक्यात उभं राहून नेमकं कुठं बघायचं ते कळतं, पण त्यापुढं अपेक्षा ठेवू नको, माऊसनं चक घट्ट करून हाताला काय कळणार आहे? एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सचे, व्हिडिओ फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी. माझ्या मते त्याहून कामाचं म्हणजे आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल, छोटे छोटे व्हिडिओ असतात, बरेचसे मराठीत पण आहेत, सायलॅब, पायथन, सी, लिनक्स सगळं. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा आणि अर्ध्यावर स्वतः करत जायचं, नुसतं बघत बसलास तर झोप लागणार. गणितं, ग्राफ करायच्या मॅटलॅबची क्रॅक कॉपी शोधत हिंडू नको, सिलॅबसपुरतं फुकटच्या सायलॅबवर भागतं. कॅडला, म्हणजे ड्रॉइंग-डिझाइनला, फ्रीकॅड. फ्यूजन हे दुसरं कॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं पण तुझा लॅपटॉप मान टाकेल.

सँडलॅबवाला:
भावा, कोल्हापुरात राहून लॅब नाही म्हणतोस होय! शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जाईल तिकडं फाउंड्री, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून कास्टिंग काढायचा कारखाना आहे. मी स्वतः फाउंड्रीत क्वालिटीला आहे, आमच्या सँड लॅबचंच सांगतो. तुमच्या पुस्तकात वाळूची टेस्ट अर्ध्या पानात संपत्या. इथं मिक्सरमधनं वाळू आली की वजन करून ट्यूबमध्ये भरायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे आणि ५० मिमी व्यासाचा ५० मिमी उंचीचा नमुना व्हायला पाहिजे. उंची रेघेत बसली नाही तर टाकून द्यायचा, वजन बदलायचं, परत. बसला की त्यातनं हवा किती सहज जात्या ते बघायचं, म्हणजे पर्मिएबिलिटी, आणि मग तोच नमुना दाबून फोडायचा, ती ग्रीन स्ट्रेंथ. ओलावा जास्त झाला की गॅस वाढतो, त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे गॅसचं भोक, येतंय. मग मशीन शॉपवाले मोल्डिंगकडं बोट दाखवणार, मोल्डिंगवाले आमच्याकडं. चार दिवसांत तुला मूठभर वाळू दाबून ओलावा कमी का जास्त ते सांगता यायला लागेल, ते कुठल्या सिम्युलेशनमध्ये येत नाही.

मायक्रोमीटरचं पण तिथंच. रिजेक्ट झालेले जॉब ढिगानं पडलेले असत्यात, एक उचल, झिरो एरर बघ, थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, आवळत बसू नको, टोकाचं रॅचेट टकटक वाजेपर्यंतच फिरव, आणि इन्स्पेक्टरच्या रीडिंगशी ताडून बघ. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, ०.०१ मिमी, बऱ्याच व्हर्नियरचा ०.०२ मिमी, हे सगळ्यांना पाठ असतंय पण दोघांनी एकच जॉब मोजला की दोन आकडे का येत्यात ते विचारलं की गप्प.

फक्त पोरं पहिल्याच दिवशी सर्टिफिकेट कधी मिळणार विचारत्यात, तेवढं करू नको.

ईएनटीसीची_पोरगी:
सगळं मेकॅनिकलवाल्यांनाच सांगा तुम्ही 😄 मी ईएसपी३२ वर, म्हणजे वायफायवाल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर, काम करतो, तुमच्या प्रोजेक्टमध्ये पण आज ना उद्या तो घुसणारच म्हणून सांगतो. वोक्वी या वेबसाइटवर फुकटात सर्किट चालवून बघता येतं पण तिथं वायर कधी लूज नसते, खरा ताप बोर्ड हातात आला की. आमच्या बॅचमध्ये सेन्सरची व्हॅल्यू मस्त येत होती आणि वायफाय चालू केलं की गायब, सगळे सेन्सर बदलत बसलेले. भानगड अशी की ईएसपी३२ मध्ये अॅनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारे दोन एडीसी असतात, त्यातले एडीसी२ वाले पिन वायफाय चालू असताना अॅनालॉग रीडिंगला चालत नाहीत, ३२ ते ३९ मधला पिन घ्यायचा, ते एडीसी१ वर आहेत. आणि बोर्ड ३.३ व्होल्टचा, त्यामुळं ५ व्होल्टवर चालणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा इको पिन थेट जोडायचा नाही, मधी दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवायचं. एकदम मोठा किट घेऊ नका, आधी बरा मल्टिमीटर घ्या. आणि ते रेडिमेड प्रोजेक्ट विकणारे आहेत ना, त्यांच्याकडनं तर अजिबात नको, व्हायवाला एक वायर निघाली की संपलं.

टीवाय_मेक:
लै भारी, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. सँडलॅबवाले दादा, कंपनीत घेतात का असं कुणालाही? आणि त्यासाठी कॉलेजचं लेटर लागत असेल आणि सर म्हणाले सुट्टीत देत नाही तर?

सँडलॅबवाला:
मोठ्या कंपनीत लेटरशिवाय गेटवरनंच परत पाठवतील, काही ठिकाणी इन्शुरन्स पण विचारत्यात. टीपीओकडं, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंटवाल्या सरांकडं, आत्ताच जा, सुट्टी लागली की ऑफिसात कोण सापडत नाही. तोवर उद्यमनगरात एखादं छोटं वर्कशॉप बघ, ओळखीनं गेलास तर मालक लेथजवळ उभं राहू देतोय, पण मधी मधी झाडू पण मारायला लागेल, तयारी ठेव. सेफ्टी शूज स्वतःचे आण. आणि फाउंड्रीत येताना कॉटनचे कपडे घाल, पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातड्याला चिकटतंय. लेटर मिळालं की मला मेसेज टाक, आमच्या एचआरला विचारून ठेवतो.