मदत हवी आहे: घोडीच्या टाचा खचल्यात, पॅड लावून उचलाव्यात की पुढून छाटत राहावं?

नमस्कार मंडळी,

घोडी नऊ वर्षांची आहे. पुढच्या दोन्ही खुरांच्या टाचा बसत चालल्यात, उजवी जास्त. खुराचं पुढचं टोक लांबलंय आणि टाचेकडचे तंतू खाली उतरायचे सोडून पुढे आडवे झोपलेत. पॅस्टर्नचा (खुराच्या लगेच वरचा तिरका भाग) आणि खुराचा उतार एका रेषेत हवा, तो केसांच्या कडेपाशी मागे मोडलेला दिसतो. लंगडत नाही, पण कडक जमिनीवर आधी टोक टेकवते, मग टाच. उतारावर तर पावलं फारच आखडती घेते.

नालबंद म्हणतात, टाचेखाली वेज पॅड (मागे जाड, पुढे पातळ अशी पाचरीसारखी पट्टी) घालू, कोन लगेच सुधारेल. व्हेट म्हणतात, टोक मागे घ्या आणि दर ४ आठवड्यांनी छाटणी करा. दोघंही जाणते आहेत, त्यामुळे निर्णय होत नाहीये. पॅडमुळे सगळा भार त्याच कमजोर टाचेवर येऊन ती आणखी चेपेल अशी धास्ती वाटते. नुसतं छाटत बसावं, तर टाच नव्याने यायला कित्येक महिने जाणार आणि तोवर पायामागच्या टेंडनवर ताण येतच राहणार. ज्यांनी अशी खुरं सुधारलेली पाहिली आहेत त्यांनी कृपया सांगा, आधी काय करावं?

प्रतिसाद:
आधी बाजूने एक्स-रे काढा, पायाखाली ठोकळा ठेवून. खुरातलं हाड मागच्या बाजूला थोडं उचललेलं असायला हवं, साधारण ३ ते ५ अंश. ते सपाट असेल किंवा उलटं मागे कललं असेल, तर काही काळ वेजचा आधार द्यावाच लागतो. पण तो कुबडीसारखा, कायमचा नाही. आणि लांबलेलं टोक तसंच ठेवून खाली वेज घातला तर काहीच साधत नाही, कारण टाचेला पुढे ओढतंय ते टोकच.

अजून एक. टाच कमी आहे म्हणून तिला कानसच लावायची नाही, असं बरेच जण धरून चालतात. आडवे पडलेले तंतू भार पेलत नाहीत. ते फ्रॉगच्या (खुराच्या तळाशी मागून पुढे निमुळता होत जाणारा मऊ त्रिकोणी भाग) सर्वांत रुंद भागाकडे थोडे थोडे मागे घ्यावे लागतात. अर्थात, तळ पातळ असेल तर हे एक्स-रे बघितल्याशिवाय करू नका. फ्रॉग कसा आहे, ते लिहिलं नाहीत.

धागाकर्ती:
फ्रॉग अरुंद आहे. तुम्ही विचारल्यावर आत्ता मधल्या खाचेत कापसाची काडी घालून पाहिली. बरीच आत गेली, काळपट ओली होऊन आली आणि वास घाण आहे. घोडीने पायही झटकला.

प्रतिसाद:
मग सुरुवात तिथूनच करा. हा थ्रश आहे, म्हणजे फ्रॉग सडवणारा संसर्ग. निरोगी फ्रॉगची मधली खाच उथळ असते, काडी रुतत नाही. तिथे दुखत असेल तर घोडी टाच टेकवायचं टाळणारच, आणि टाचेवर वजन पडलं नाही तर आतली गादी भक्कम होत नाही. खाच रोज साफ करून कोरडी करा, व्हेटने दिलेलं औषध कापसाला लावून तळापर्यंत पोचवा, उभं राहायची जागा कोरडी ठेवा. दुखणं थांबलं की पावलातला फरक तुम्हालाच दिसेल.

धागाकर्ती:
व्हेटना कळवलंय, एक्स-रेही त्याच भेटीत होईल. तोवर नाल काढून ठेवू का?

प्रतिसाद:
तळ पातळ आहे की नाही हे कळेपर्यंत काढू नका. पुढच्या वेळी नालबंदांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे नकोत, टाचेला पसरायला मोकळीक हवी. आणि नालाची मागची टोकं आखूड नकोत, टाचेला पूर्ण आधार मिळेल इतकी मागे यायला हवीत.