कॅनव्हासवर कसुतीचे नमुने स्टेन्सिलने कसे उतरवावेत?

प्रश्न (खानापूरकरीण)

नमस्कार. बैठकीच्या खोलीतील रिकाम्या भिंतीसाठी १२ × १६ इंचांचे तीन कॅनव्हास घरीच रंगवण्याचा विचार आहे. आईच्या काळ्या चंद्रकळेवर कसुतीने, म्हणजे धागे मोजून करायच्या कर्नाटकी भरतकामाने, भरलेले गोपुर, तुळशीवृंदावन आणि हत्ती आहेत. तेच नमुने काळ्या पार्श्वभूमीवर ॲक्रिलिक रंगांनी उठवावेत, अशी इच्छा आहे. मुक्तहस्त रेखाटन मला जमत नाही, म्हणून स्टेन्सिल कापणार आहे. कसुती ही मुळात रेघांची आणि चौकटींची नक्षी असल्यामुळे, ती जशीच्या तशी कापली तर वृंदावनाच्या कोनाड्यासारखे मधले भाग गळून पडतील, हे उघड आहे. यावर उपाय काय? तसेच रंग स्टेन्सिलखाली झिरपू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी? आमच्या भागात पावसाळा किती असतो हे आपण जाणताच. भिंतीच्या ओलीचाही विचार सांगावा.

उत्तर १ (टाकेवाली, वडगाव)

ताई, नक्षीची बाह्यरेषा कापण्याऐवजी टाके कापावेत, म्हणजे निम्मी अडचण आपोआप सुटते. नमुना आधी आलेख कागदावर, कापडाचे धागे मोजावेत तशी घरे मोजून उतरवून घ्या. मेंथी म्हणजे फुलीचा टाका. त्याच्या प्रत्येक फुलीसाठी एक चौकोनी भोक पुरे. ६ मिलिमीटरचे घर धरून ४ मिलिमीटरचे भोक कापले, तर दोन भोकांमध्ये २ मिलिमीटरची पट्टी उरते. याहून अरुंद पट्टी रंग थोपटताना उचलली जाते किंवा तुटते. या मापाने ४० घरांचा हत्ती २४ सेंटिमीटर रुंद होतो आणि सुमारे ३० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते.

गवंती (दुहेरी धावदोऱ्याची रेघ) आणि मुरगी (त्याच टाक्याची पायऱ्यापायऱ्यांची रेघ) यांसाठी दोन शीट कापावीत: एकावर फक्त आडवे टाके, दुसऱ्यावर फक्त उभे. एकाच शीटवर बंद चौकट कधी तयारच होत नाही, त्यामुळे गळून पडायला काही उरत नाही. मुरगीच्या पायऱ्या तर अशा रीतीने फारच नेटक्या उठतात. काठाच्या सरळ गवंतीला दुसरे शीटही लागत नाही. टाका आणि मधली जागा सारख्या लांबीची ठेवून पहिला थर वाळला, की तीच पट्टी एक टाकाभर पुढे सरकवावी. सुईने परतीच्या फेरीत रिकाम्या जागा भराव्यात, तसाच हा प्रकार. दोन्ही शीट एकावर एक ठेवून कोपऱ्यांत खुणेची भोके पाडावीत आणि कॅनव्हासवर तेथे पेन्सिलीचे टिंब द्यावे, नाहीतर गोपुराचा कळस शिखरापासून सुटलेला दिसेल.

उत्तर २ (पाटीवाला, शहापूर)

फलक रंगवण्याच्या सवयीतून लिहितो. कॅनव्हासची वीण खरखरीत असते आणि रंग तिच्याच खळग्यांतून शीटखाली शिरतो. म्हणून तयार कॅनव्हासवरही जेसोचा (रंगाआधी लावायच्या अस्तराचा) आणखी एक हात देऊन, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे आणि मग काळा रंग लावावा. स्टेन्सिलसाठी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचे) उत्तम. ते काचेवर ठेवून कापावे आणि वळणावर कटर न फिरवता शीट फिरवावे.

चौकटीवर ताणलेला कॅनव्हास थोपटताना खाली दबतो, शीट अधांतरी राहते आणि कडा फुटतात. मागच्या पोकळीत चौकटीच्या जाडीइतक्या वह्या किंवा पुठ्ठे सरकवले, की हा दोष राहत नाही. शीट चिकटवल्यावर भोकांच्या कडांवर आधी पार्श्वभूमीचाच काळा रंग थोपटावा. जे काही झिरपायचे ते काळ्यावर काळेच झिरपते आणि फटी बुजतात. तो वाळल्यावर नक्षीचा रंग घ्यावा. रंगात पाणी मुळीच घालू नये. ब्रश किंवा स्पंज वर्तमानपत्रावर इतका टिपावा, की कागदावर केवळ भुकटीसारखा ठसा उमटेल. मग तो उभा धरून थोपटावा. एका जाड थरापेक्षा तीन विरळ थर केव्हाही चांगले. शेवटचा थर पुरता वाळण्याआधीच शीट सरळ वर उचलावे.

खानापूरकरीण

दोघांचेही आभार. चंद्रकळेवरचे लाल आणि केशरी टाके उठून दिसतात, परंतु काळ्या कॅनव्हासवर लाल रंग मंद पडेल असे वाटते. तेथे काय करावे?

पाटीवाला, शहापूर

मंद पडेलच, कारण बहुतेक लाल, पिवळे आणि केशरी रंग अर्धपारदर्शक असतात. शीट न हलवता आधी टायटॅनियम पांढऱ्याचा थर द्यावा, तो वाळू द्यावा आणि त्यावर लाल थोपटावा. पांढऱ्या टाक्यांसाठी अर्थातच पुढचा खटाटोप नको.

उत्तर ३ (निपाणीचा वाचक)

वरील सूचना योग्यच आहेत. मात्र सर्व टाके भरून रेघ अखंड करण्याचा आग्रह मला अनावश्यक वाटतो. टाक्यांमधील जागा काळीच सोडली, तर नक्षी दुरूनही शिवणीसारखी दिसते आणि एक शीट कापण्याचा त्रास वाचतो. तिन्ही कॅनव्हासवर कसुतीच हवी असेही नाही. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचे कमळ पाहून एकच पाकळी कापावी आणि मध्यबिंदूभोवती फिरवत उमटवावी. संपूर्ण कमळ कापण्याची गरजच पडत नाही.

ओलीविषयी: वार्निशचे काम पावसाच्या झडीत करू नये, कारण दमट हवेत त्यावर दुधाळ झाक येऊ शकते. रंग काही दिवस पूर्ण वाळू द्यावा आणि उघडीप पाहून मॅट वार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. फेव्हिकॉल पातळ करून वार्निश म्हणून लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. पाण्याने तो पुन्हा मऊ पडतो. कॅनव्हास पावसाचा मारा सोसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावावा आणि मागे हवा खेळावी म्हणून खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात. खानापुरात जून ते सप्टेंबर या काळात तो अधूनमधून उतरवून मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसली, तर बुरशी सुरुवातीलाच लक्षात येते.