ग्रामपंचायतीत फायबर आलं, पण सहा पाड्यांना अजून रेंज नाही. निधी कशावर घालावा?

धडगावची_परिचालक:

नमस्कार. मी धडगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, हे सहावं वर्ष. आमचे नऊ पाडे. कार्यालयाच्या भिंतीवर फायबरचा डबा बसवलाय. लाइट असली आणि केबल कुठे तुटलेली नसली की बऱ्यापैकी चालतो. बाकीच्या आठ पाड्यांपैकी दोनवर फोन लागतो. उरलेल्या सहांना मिळून एकच जागा, वरच्या धारेवरचं मोहाचं झाड. बुंध्याला कोणीतरी प्लास्टिकची बाटली अर्धी कापून तारेने बांधली आहे. फोन त्यात उभा करायचा, हॉटस्पॉट लावायचा आणि हात न लावता बाजूला बसायचं. जरा हलला की रेंज गेली.

रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवरच लागते, दिवसातून दोनदा फोटो. फोटो रेंज नसतानाही निघतो, पण वर चढवायला आमच्या मेटला, म्हणजे कामावरच्या मुकादमाला, त्या झाडापर्यंत जावंच लागतं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला बायका तान्ही पोरं घेऊन त्या धारेवर रांगेत बसल्या होत्या. ओटीपी यायचा तो नवऱ्याच्या नंबरवर, आणि नवरा गुजरातमध्ये ऊसतोडीला.

एक प्रसंग सांगते, तो मनातून जात नाही. मे महिन्यात एक आजी श्रावणबाळ पेन्शनचे पैसे काढायला सात किलोमीटर चालत आल्या. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी आमचूर होतो, कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, उन्हात वाळवायच्या. चिकाने त्यांच्या बोटांची सालं निघालेली. मशीनवर दहाही बोटं लावली, ओल्या फडक्याने पुसली, खोबरेल लावून पाहिलं. प्रत्येक वेळी ‘जुळत नाही’. आजींनी तळहात माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “बोट तेच आहे ना, पोरी?” मला उत्तर देता आलं नाही. त्या तशाच परत गेल्या.

आता वित्त आयोगाच्या निधीतले थोडे पैसे शिल्लक आहेत आणि सरपंचताई म्हणतात, नेटवर खर्च करू. एकाने सगळ्या गावाला वायफाय देतो म्हणून चार लाखांचं कोटेशन आणून दिलंय. घ्यावं का? ज्यांनी असं काम डोंगरात प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

निवृत्त_जेटीओ:

ताई, दूरसंचारमध्ये चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच डोंगराळ भागात. कोटेशनवर सही करायच्या आधी एक महिनाभर वहीत लिहा: डबा किती वेळा बंद पडला, किती तास, आणि लाइट गेली म्हणून की केबल तुटली म्हणून. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. लाइटचं दुखणं असेल तर चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवा. चार लाखांच्या मानाने ते फार स्वस्त पडतं आणि कार्यालयाचं बाकीचं कामही अडत नाही.

केबल तुटते त्याचं कारण पुष्कळदा रस्त्याचं काम. भारतनेटमध्ये, म्हणजे पंचायतींना फायबर देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, सुरुवातीला बऱ्याच पंचायती एकापुढे एक अशा जोडल्या गेल्या. मधे एका ठिकाणी जेसीबीचा दात लागला की पुढच्या सगळ्या अंधारात. २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १.३९ लाख कोटींची मंजुरी मिळाली, त्यात ही जोडणी रिंगची करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहावं. तुमची पंचायत रिंगमध्ये कधी घेणार हे ग्रामसभेचा ठराव करून लेखी विचारा. तोंडी विचारलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पाड्यांपर्यंत नेट नेण्यासाठी पाच गिगाहर्ट्झची रेडिओ जोडी, म्हणजे बिनतारी नेट पोचवणारी समोरासमोरची दोन यंत्रं, लावता येते. २०१८ पासून या पट्ट्यातल्या ठरावीक फ्रिक्वेन्सी मोकळ्या आवारात वापरायलाही वेगळा परवाना लागत नाही. अट एकच, दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. इथेच लोक फसतात. कोटेशनवाला पाहणी उन्हाळ्यात करतो, तेव्हा मोहाची, सागाची पानं गळालेली असतात आणि समोरचा डोंगर स्वच्छ दिसतो. श्रावणात तीच जागा पानांनी गच्च भरते आणि सिग्नल मरतो. पाहणी पावसाळ्यातच करून घ्या. धारेवर झाडाच्या शेंड्याच्या वर जाईल एवढा खांब हवा, सौर पॅनल हवं आणि वीजरोधक तर हवाच हवा, धारेवरचा एकटा खांब पहिल्या वळवातच वीज ओढून घेतो.

पाड्यावर नेट पोचल्यावर ते विकायचं कोणी, हा प्रश्न उरतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही वायफाय देऊ शकतो, त्याला परवाना काढावा लागत नाही. कोटेशनवाल्याला मात्र एवढं विचाराच: दुसऱ्या वर्षी खांबावर कोण चढणार? त्याचं नाव आणि पैसे कागदावर नसतील तर घेऊ नका.

आणखी एक. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोरजी पोचवायची योजना मंजूर केली. अशा याद्या गावांच्या नावाने होतात. मूळ गावात एका कोपऱ्यात रेंज आली की गाव ‘झालं’ असं धरलं जायचा धोका असतो. तुमच्या पाड्यांची नावं कुठे आहेत का ते तपासा.

मेळघाटची_बीसीसखी:

ताई, तुमच्या आजींचं वाचून डोळे भरून आले. मी बीसी सखी, गावातच बँकेचे पैसे काढून देते. माझ्याकडे अशा किती तरी कोरकू आजी येतात. आमच्याकडे तेंदूपत्ता आणि शेणामातीने बोटं जातात.

बोट नाही लागलं तर माणूस परत पाठवायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलंय. काही बँकांच्या एईपीएसमध्ये, म्हणजे आधारवरून पैसे काढायच्या सोयीत, आता चेहऱ्यावरून ओळख पटते, तुमच्या बँकेत आहे का ते विचारा. उजेडाकडे तोंड करून बसवलं की पटकन होतं. तेही नाही झालं तर सरळ बँकेच्या शाखेत सोबत जायचं, शाखेत अंगठा-पावतीवर पैसे मिळतात. रेशनच्या बाबतीत तर केंद्राने २०१७ मध्येच कळवलंय की बोट जुळलं नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही. त्याची प्रत मी लॅमिनेट करून जवळ ठेवली आहे. आणि बोट लावल्यावर पावती हातात दिल्याशिवाय कोणाला उठू देऊ नका. पावती नाही म्हणजे किती निघाले ते म्हातारीला कधीच कळत नाही.

माझ्या मते नेटच्याही आधी नंबरचं काम करा. ऊसतोडीला गेलेल्या माणसाने रिचार्ज केला नाही, नव्वद दिवस सिम वापरलं नाही, की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याच्या नावावर जातो. आधारला मात्र तोच जुना नंबर. मग ओटीपी कोणाकडे? मी एक वही केली आहे: घर, आधारला जोडलेला नंबर, तो चालू आहे का. आधारचे फक्त शेवटचे चार आकडे लिहिते, पूर्ण आधार नंबर वहीत कधीही उतरवत नाही. दिवाळीनंतर माणसं निघायच्या आधी नंबर तपासायचे, बदलायचे असतील त्यांचं एकाच दिवशी शिबिर लावायचं.

भामरागडचा_गुरुजी:

छोटीशी भर. आमच्याकडे टॉवर आला तेव्हा शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर मराठीत सूचना टाकायचो, कोणी वाचत नसे. एका आईने माडियात बोलून तोच निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांचे दाखले आले. तेव्हापासून प्रत्येक सूचना आधी बोलून पाठवतो. तुम्ही पावरीत करा. आणि घरातला फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो ते बघा. आमच्याकडे तो बहुतेक बापाबरोबर जंगलात गेलेला असायचा. म्हणून निरोप संध्याकाळी सातनंतर.

धडगावची_परिचालक:

सगळ्यांचे मनापासून आभार. सरपंचताईंना हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. कोटेशन बाजूला ठेवलंय. डब्याची वही सोमवारपासून सुरू केली. पहिल्या आठवड्यात अकरा वेळा बंद, त्यातल्या नऊ वेळा लाइट नव्हती. म्हणजे बॅटरी आधी.

नंबरची वहीही केली. तीन पाडे झाले. चौसष्ट घरांपैकी तेवीस घरांत आधारला जोडलेला नंबर बंद आहे. मला इतके निघतील असं वाटलं नव्हतं. दिवाळीआधी शिबिर घेण्याचा ठराव ग्रामसभेत ठेवतोय आणि निरोप मी स्वतः पावरीत बोलून पाठवणार आहे.

आजींकडे परवा जाऊन आले. बोटं आता भरली आहेत, मशीन सोबत नेली होती, धारेवर दुसऱ्यांदा लावल्यावर जुळलं. पावती त्यांनी कमरेच्या पिशवीत घडी घालून ठेवली.

जेटीओ काका, एकच विचारायचं राहिलं. मोहाचं झाड लोकांच्या पूजेचं आहे, त्याला खिळा मारायचा नाही. खांब झाडापासून किती अंतरावर घेतला तर चालेल? पाऊस सुरू आहे तोवर जागा बघून ठेवते.